आर्विडसाठी नसलेली काठी

ज्या रविवारी आर्विडने मासेमारीच्या आपल्या सगळ्या काठ्या तळघरातून वर आणून व्हरांड्याच्या भिंतीला टेकवल्या आणि "चर्चच्या जुन्या सामानाच्या बाजाराला देऊन टाक" म्हणाला, त्या रविवारी मी बटाटे सोलत होते. मी सोलतच राहिले. "बरं" म्हणाले. नवऱ्याच्या बोलण्यावर वेल्डा स्ट्रँड नुसतं "बरं" म्हणाली, असं आमच्या गावात कुणाला कळलं असतं तर माणसं झाकलेली भांडी घेऊन विचारपूस करायला आली असती.

पण बोलायचं काय? वसंतात त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, हात चालेल, पण डोक्याच्या वर जाणार नाही. आणि फ्लायची काठी तर डोक्यावरून मागेपुढे झुलवावी लागते, तेव्हा कुठे ती पिसांची खोटी माशी नदीच्या मध्यापर्यंत पोचते. उन्हाळ्यात आर्विडने मागच्या अंगणात एकदा करून पाहिलं. मी खिडकीतून बघत होते. काठी अर्ध्यावर गेली आणि त्याने ती हळूच गवतावर ठेवली, निजलेलं मूल ठेवावं तशी. त्यानंतर तो खुर्चीत बसला तो बसलाच. दिवसभर टीव्हीवर हवामान बघायचं. स्वतः दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, पण बोइसीला ऊन आहे का आणि मॉन्टानात बर्फ पडतंय का, याची काळजी करायची.

मासेमारीबद्दल माझं मत सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि मी ते बदललेलं नाही. दोन पाय धडधाकट असलेल्या माणसाने कमरेएवढ्या गार पाण्यात तासन्‌तास उभं राहायचं, कोंबडीची पिसं फेकायची, आणि चुकून मासा लागलाच तर त्याच्या पाठीवरचा छोटा पर बघायचा. पर कापलेला असेल तर तो सरकारी तळ्यात वाढलेला, तो घरी आणायचा. पर शाबूत असेल तर तो जंगली, त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं. आर्विडला कायम जंगलीच लागायचे. मी इतकी वर्षं मोठी कढई कशाला घासून ठेवली देव जाणे.

तरी पण. ऑक्टोबर तोंडावर आला होता, आणि ऑक्टोबरात क्लिअरवॉटर नदीत स्टीलहेड मासे समुद्रातून वर चढतात. मला एवढं कळत होतं की या ऑक्टोबरात आर्विड नदीवर गेला नाही, तर पुढच्या ऑक्टोबरात तो मुळीच जाणार नाही. आणि नदीवर न जाणारा आर्विड म्हणजे कुणीतरी परका म्हातारा, जो माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून मॉन्टानाचं हवामान बघतो. त्याच्याबरोबर म्हातारपण काढायची माझी तयारी नव्हती. मी लग्न दुसऱ्याशीच केलं होतं.

म्हणून मी बसने लुइस्टनला गेले. तिथे मासेमारीच्या सामानाचं एक दुकान आहे. दुकानदाराचं नाव गॅरेट. तोंडभर दाढी, आणि टोपीवर इतक्या माश्या खोचलेल्या की पाखरं तिच्यावर बसतील.

"कुठल्या माशासाठी काठी हवीय?" त्याने विचारलं.

"नदीतल्या."

"ट्राउट की स्टीलहेड? ट्राउटला पाच नंबर पुरते. स्टीलहेडला सात नाहीतर आठ. स्टीलहेड म्हणजे तसा ट्राउटच, पण समुद्रात जाऊन आलेला."

"म्हणजे आमचा डेल," मी म्हणाले. डेल आमचा मोठा मुलगा. "घरून गेला तेव्हा काडी होता. सिअ‍ॅटलला राहून आला तेव्हा दारात मावेना, आणि कुणाचं ऐकेना."

"तोच तो," गॅरेट म्हणाला. "आता डेलला तुम्ही पाच नंबरच्या काठीने ओढायला गेलात तर काठीचे दोन तुकडे."

गॅरेट मुलगा वाईट नव्हता. मी त्याला सांगितलं की माझ्या ओळखीच्या एका माणसाचा हात वर जात नाही. कोण ते सांगितलं नाही. त्याने मागून एक काठी काढली. ती संपेचना. इकडून बघितलं तर माझ्या स्वयंपाकघराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "ही दोन हातांनी धरायची," तो म्हणाला. "डोक्यावरून झुलवायचं कामच नाही. हात छातीपाशी. खांदा नाही, कंबर फेकते."

मी काठी हातात घेतली आणि लगेच काउंटरवर ठेवली. कारण असल्या काठ्यांबद्दल आर्विडचं मत मला तोंडपाठ होतं. नदीवर दोन हातांची काठी घेऊन कुणी दिसला की तो म्हणायचा, "हा बघा आला, नदी झाडायला." अशा माणसापुढे मी झाडू घेऊन कुठल्या तोंडाने उभी राहू? पण दुकानात आल्यावर रिकाम्या हाताने परत जाणं माझ्या स्वभावात नाही. काठी घेतली, दोरी गुंडाळायचं रीळ घेतलं, दोन्ही जोडून घेतलं. दोरी मात्र घेतली नाही. या काठीला हिचीच जाड, वजनदार दोरी लागते, असं गॅरेट पुन्हा पुन्हा सांगत होता. मला वाटलं, दुकानदार आहे, सांगणारच. घरी आर्विडची जुनी दोरी खणात पडली होती. दोरी ती दोरी.

घरी आले तर आर्विड समोरच. काठीचं ते लांब नळकांडं बघून त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "काय आहे ते?"

त्याच्या वाढदिवसाचं निमित्त मी वाटेत पाठ करत आले होते. पण त्या नळकांड्याकडे बघताना त्याचा चेहरा असा झाला, जशी कुणी त्याच्या मापाची आजाऱ्यांची चाकांची खुर्ची दारात आणून उभी केली आहे. माझी जीभ आपोआप वळली.

"माझी आहे," मी म्हणाले. "मी स्टीलहेड धरणार आहे."

"तू."

"का? नदी तुझ्या बापाची आहे?"

"नाही," तो म्हणाला, आणि आवाज पुन्हा मोठा केला.

आता आली का पंचाईत? एका माणसाला खुर्चीतून उठवायला निघालेली बाई, वयाच्या सत्तरीत स्वतःच कोळीण होऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात गेले, गॅरेटने दाखवलं होतं तशी काठी धरली आणि फेकली. दोरी माझ्या पायाशी पडली, उकडलेल्या शेवयांसारखी. पुन्हा फेकली, पुन्हा शेवया. कुंपणापलीकडून लाइल बघत होता. लाइल आमचा शेजारी. त्याने आयुष्यात सल्ला सोडून दुसरं काही कुणाला दिलेलं नाही.

"वेल्डा, मनगट ताठ ठेव."

"तुझं तोंड ताठ ठेव, लाइल."

"अगं, मी भल्यासाठी सांगतोय. हे पिसाबिसांचं खूळ सोड. कोळंबी लाव गळाला, सोडून दे पाण्यात आणि कॉफी पीत बस. मासा स्वतःहून येतो."

मी तिसऱ्यांदा फेकली. या वेळी दोरी मागे गेली. दोरीला माशी बांधलेली होती, माशीला आकडा होता, आणि तो आकडा लाइलच्या टोपीत रुतला. टोपी कुंपणावरून आमच्या अंगणात आली. त्याच्या टकलाला थंडी वाजू लागली तसे सल्लेही थोडे कमी झाले. पण दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. संध्याकाळी पलीकडची फर्न आली. तिचा नवरा होता तेव्हा फार मोठा मासेमार होता, असं ती म्हणते. आम्ही त्याला मासा घेऊन येताना कधी पाहिलं नाही.

"ऊन असलं तर भडक माशी लाव," फर्न म्हणाली. "ढग असले तर काळी."

"आणि अर्धं ऊन, अर्धे ढग असले तर?"

"तर माझा हॅरिस घरीच राहायचा," ती म्हणाली.

मग मी हार मानून लुइस्टनला जाऊन ती जाड दोरी आणली. गॅरेट "मी म्हणालो होतो" असं म्हणाला नाही. हे त्याच्या आईचे संस्कार. पण त्याने मला पाण्यात उभं राहायची रबरी विजार दाखवली, पायापासून छातीपर्यंत. खोटं निभवायचं तर कपडेही हवेत ना? बायकांच्या मापाची विजार ज्या बाईसाठी शिवली होती ती बहुधा जन्मभर काकडी खाऊन राहिली असावी. मी तिच्यात गुडघ्यापर्यंत गेले, कमरेपर्यंत गेले, आणि तिथे आमचा दोघींचा मुक्काम पडला. ना वर, ना खाली. गॅरेट जमिनीवर बसून माझा एक पाय धरून ओढत होता आणि मी काउंटरला धरून होते. तेवढ्यात दुकानात आमचा पाद्री आला. पाद्री म्हणाला, "नमस्कार मिसेस स्ट्रँड." मी म्हणाले, "नमस्कार, पास्टर." अशा वेळी माणसाने शिष्टाचार सोडू नये. शेवटी मी पुरुषांची विजार घेतली. तिच्यात मी आणि फर्न दोघी मावलो असतो.

नव्या दोरीनेही अंगणात तेच. पंधरवडा गेला. दोरी उठायची, थोडी वळायची आणि गवतावर मरून पडायची. माझे दंड दुखायला लागले, पाठ धरली, गवताचं टक्कल झालं. लाइल नवी टोपी घालून, जरा लांबून, म्हणायचा, "मनगट." रात्री आर्विडसमोर जेवायला बसले की मी हात दुखतो हे दिसू द्यायची नाही. सूप दोन्ही हातांनी प्यायची.

एका सकाळी मी फेकत होते तर मागची खिडकी उघडली. ती खिडकी उन्हाळ्यापासून उघडली नव्हती.

"वेल्डा," आर्विड म्हणाला. "गवतावर ती दोरी कधीच उडणार नाही. दोन हातांच्या काठीला पाणी लागतं. पाणी दोरीला धरून ठेवतं, म्हणून काठी वाकते."

मी वळून बघितलं. "हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि तू पंधरा दिवस नुसता बघत बसलास?"

"टीव्हीपेक्षा बरं होतं," तो म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली.

खरं तर मला राग यायला हवा होता. पण मी तिथेच गवतावर बसले आणि मला हसू फुटलं. कारण मधे इतके महिने तो मला टोचून एक शब्दही बोलला नव्हता.

तर आता नदीवर जायचं म्हणजे परवाना आला. सरकारी कचेरीत काउंटरवर एक पोरगी होती, नखं रंगवलेली. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं सरळ झालं. मग तिने विचारलं, "उंची?" सांगितली. "डोळे?" "दोन," मी म्हणाले. "रंग," ती म्हणाली. निळे. "केस?" मी स्कार्फ नीट केला आणि म्हणाले, तपकिरी. तिने स्कार्फखाली पाहिलं आणि तपकिरी लिहिलं. तिच्या आईचं भलं होवो. मग ती म्हणाली, "वजन?"

माझ्या मागे रांग होती. रांगेत लाकडाच्या गिरणीतले दोन जण होते, जे तिथे आर्विडच्या हाताखाली काम शिकले.

"माशाचं?" मी विचारलं.

"तुमचं, मॅडम."

"मासा धरायला माझं वजन कशाला लागतं? तो मला उचलणार आहे का?"

"नदीवर अधिकारी तपासतात. परवान्यावरची व्यक्ती तुम्हीच आहात ना ते."

मी तिच्या कानाशी झुकून लग्नाच्या वेळचं वजन सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. दोघींनीही मान खाली घातली नाही. मग तिने तेच लिहिलं, आणि म्हणाली, "आणि स्टीलहेडचा वेगळा परवाना लागेल. यात फक्त ट्राउट आले."

"अगं, पण स्टीलहेड ट्राउटच असतो ना?"

"समुद्रात जाऊन आला नसता तर," ती म्हणाली.

असो. शनिवारी पहाटे मी रबरी विजार घालून, काठी घेऊन दारात उभी राहिले आणि मोठ्याने, कुणालाच उद्देशून नाही असं, म्हणाले, "मी नदीवर चालले. ट्रक मी चालवते." मला ट्रक नीट चालवता येत नाही. तो रस्ता नदीच्या कडेकडेने जातो आणि त्याला कठडा नाही.

आर्विड किल्ली घेऊन बाहेर आला. "तुला सोडतो," तो म्हणाला. "मी गाडीत बसेन." अंगात घरातली विजार, पायात चर्चचे कातडी बूट. मासेमारीचे त्याचे कपडेही काठ्यांबरोबर चर्चच्या बाजारात गेले होते ना. पाद्र्याच्या मेहुण्याने नेले.

गावाच्या वर, जिथे नदी वळते आणि गोट्यांचा उथळ किनारा आहे, तिथे त्याने ट्रक थांबवला. हीच त्याची जागा. मला सांगायची गरज नव्हती. त्याचे हात बराच वेळ स्टिअरिंगवर तसेच राहिले. नदीत एकच माणूस होता, वरच्या टोकाला, पाण्यात मांडीपर्यंत. मर्ल. मर्ल आणि आर्विड तीस-बत्तीस वर्षं या एका वळणावरून एकमेकांशी भांडत आले, म्हणजे न बोलता. जो आधी पोचेल त्याची पहाट. एवढंच त्यांचं नातं. ऑपरेशनच्या वेळी मर्लने इस्पितळात फुलं पाठवली नाहीत. एक कार्ड पाठवलं. त्यात फक्त सही होती.

मी उतरले. मर्लच्या पाठीमागे जाऊन उभं राहणं मला बरं दिसलं नाही. माणूस एकटा उभा आहे, त्याला जागा द्यावी, असा मी विचार केला. खाली बघितलं तर प्रवाहात एक छान सपाट, मोकळी जागा. मी तिथे गेले, पाण्यात उतरले, पाय रोवले आणि मर्लला हात केला.

मर्लने हात केला नाही. त्याने आपली दोरी गुंडाळायला सुरुवात केली. हळूहळू, माझ्याकडे न बघता.

मागे ट्रकचा दरवाजा आपटला. वळून बघते तर आर्विड धावतोय. चर्चच्या बुटांत, गोट्यांवरून, एक हात शरीराशी धरून. किनाऱ्याशी थांबला नाही. तसाच पाण्यात आला, घरातल्या विजारीसकट, आणि माझ्या विजारीचा पट्टा धरला.

"वेल्डा, बाहेर हो."

"का? मोकळी जागा होती."

"मोकळी म्हणूनच," तो धापा टाकत म्हणाला. "तो वरून सुरू करतो. एक फेक, एक पाऊल खाली. एक फेक, एक पाऊल खाली. ही सगळी जागा त्याची आहे, अजून तो इथे पोचायचाय. नंतर आलेल्याने त्याच्या मागे उतरायचं. तू त्याच्या ताटात हात घातलास."

मला खरंच लाज वाटली. मला लाज क्वचित वाटते आणि ती मला शोभत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की ही माणसं पाण्यात नुसती उभी असतात. त्यांच्यात जेवणाच्या पंगतीसारखी एवढी शिस्त असेल हे कुणाला माहीत?

"मर्ल," आर्विडने हाक मारली. "माझी बायको आहे. तिला माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं."

मर्लने टोपी मागे सारली. "बायको आहे ते दिसतंय. तिची विजार तुझ्या मापाची आहे."

"माझ्याच मापाची आहे," मी म्हणाले.

"तुझी काठी कुठंय?" मर्लने आर्विडला विचारलं.

"दिली."

मर्लने उरलेली दोरी गुंडाळून घेतली. मग तो म्हणाला, "मग तिला वर घेऊन ये. वरच्या टोकाला. आणि कुणीतरी तिला फेकायला शिकवा, मला ते बघवणार नाही. तुम्ही पुढं जा. मी मागनं येतो."

आर्विडचा हात माझ्या पट्ट्यावरून सुटला. पहाटेचं पहिलं पाणी, अजून कुणी न हलवलेलं, ते या नदीवर सख्ख्या भावालाही कुणी देत नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की काहीतरी मोठं देणं-घेणं झालं आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

वरच्या टोकाला गेलो. मी काठी धरली, फेकली. शेवया. पुन्हा शेवया, पण आता ओल्या.

"दे इकडं," आर्विड म्हणाला. "एकदाच दाखवतो."

त्याने काठी घेतली. एक हात वर, एक हात खाली, दोन्ही छातीपाशी. दोरी पाण्यावरून स्वतःकडे ओढली, वळवली, आणि कंबर जरा फिरवली. दोरी पाण्याला चिकटली होती ती सुटली आणि निघाली ती निघालीच. नदीच्या मध्याच्याही पलीकडे, सरळ, आणि शेवटी ती माशी अशी अलगद बसली की पाण्याला कळलंसुद्धा नाही. त्याचा खांदा जागचा हलला नाही.

तो काठीकडे बघत राहिला.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"नीट नाही बघितलं," मी म्हणाले. "पुन्हा दाखव."

त्याने पुन्हा फेकली. एक पाऊल खाली गेला. मग पुन्हा. मला शिकवायचं तो तिसऱ्या पावलाला विसरला. चर्चचे बूट शेवाळावर घसरत होते, म्हणून मी मागून त्याचा कोट धरून ठेवला, आणि त्याने पाऊल टाकलं की मीही टाकायची. त्याची विजार मांडीपर्यंत ओली, मी आतून कोरडी ठणठणीत. नदीत असलं जोडपं कुणी पाहिलं नसेल. मागे मर्ल, एक फेक, एक पाऊल, आमच्या अंतराने. सूर्य टेकडीवरून आला. मी पाय बधिर होईपर्यंत कोट धरून होते आणि मला मासेमारी अजूनही मूर्खपणाच वाटत होती.

वळणाच्या मध्यावर दोरी थांबली. ओढली गेली, एकदा, जोरात. काठी वाकली, रीळ किंचाळलं, आणि मग सगळं सैल. आर्विडने सैल दोरी आत ओढून घेतली.

"लागला?" मागून मर्लने विचारलं.

"लागला होता."

"सुटला?"

"सुटला."

मर्लने मान हलवली. एवढंच. मला वाटलं, या दोघांचं आयुष्यातलं सगळ्यात लांब संभाषण मी आज ऐकलं.

परत येताना ट्रकमध्ये हीटर लावला. आर्विडच्या विजारीतून वाफ निघत होती, बुटांचा वास येत होता, आणि तो बोलत होता. तो मासा कुठे होता, का तिथे होता, दगडामागे पाणी कसं फिरतं, दोरी जरा आधी सोडायला हवी होती, समुद्रातून आलेला, ताजा होता, ओढीवरून कळतं. गाव येईपर्यंत तो थांबला नाही. मला त्यातलं काही समजलं नाही. मधे बोलायला मला निदान दहा चांगली वाक्यं सुचली, एकेक खणखणीत. मी सगळी गिळली. ओले बूट घेऊन घरात येऊ नको, हेसुद्धा.

दारासमोर त्याने ट्रक थांबवला. मागे काठी आडवी ठेवली होती, तिच्याकडे बघत म्हणाला, "तुझ्या रिळाची मूठ उलट बाजूला बसवलीय. डावखुऱ्याला बसवतात तशी."

आमच्या घरात डाव्या हाताने चमचा धरणारा एकच माणूस आहे. मी खिडकीबाहेर बघितलं. लाइल कुंपणाशी उभा होता.

"दुकानदार गाढव दिसतो," मी म्हणाले.

"गाढवच," आर्विड म्हणाला. "असू दे तशीच."